एका यार्डाचा वाद

शारजाहून जबल अलीला पोचायला सकाळी सव्वा तास लागतो आणि संध्याकाळी परतायला देवाच्या मनात असेल तितका वेळ. आमची चौघांची कारलिफ्ट होती. गाडी मेढेकरांची, शेजारी मी, मागे कुरियन आणि बिलाल. चौघेही एकाच कंपनीत, आणि वाद घालायला विषयही एकच. अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्यात, चौथ्या म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, गोलरेषा अवघ्या एका यार्डावर असताना आमच्या पोरांनी चेंडू घेऊन सरळ मधून घुसायला नको होतं, असं बिलालचं म्हणणं. घुसायलाच हवं होतं, असं कुरियनचं. आणि घुसणाऱ्यानं चेंडू नीट धरायला हवा होता, असं माझं.

मेढेकर गाडी चालवत. घुसणारा मुलगा त्यांचा होता.

जवळजवळ तीन वर्षं आम्ही हा वाद त्यांच्याच गाडीत बसून घातला. लिहायला बसलोय मेढेकरांबद्दल, पण यात माझी चूकही येणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्या एका यार्डापायी बापलेकांचं बोलणं तुटलं आणि त्यात माझा वाटा होता. तो किती मोठा होता हे मला फार उशिरा कळलं.

सतीश मेढेकर मूळचे कोल्हापूरचे. कोल्हापूरचा माणूस म्हटला की मोकळा, खड्या आवाजाचा, हाताला धरून जेवायला बसवणारा, अशी आपली समजूत असते. हाताला धरून जेवायला बसवणं एवढंच मेढेकरांनी उचललं होतं. बाकी सगळी भीड. उंच माणूस, पण आपल्या उंचीचा कुणाला त्रास नको म्हणून किंचित वाकून चालायचे. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरताना आत कुणी नसलं तरी 'सॉरी' म्हणून शिरायचे.

शारजातल्या रोल्ला भागातल्या एका न्हाव्यानं त्यांना एकदा विचारलं, "साब, थोडा कलर मार दूँ?" नाही कसं म्हणायचं, म्हणून हे हो म्हणाले. त्यानंतर नऊ वर्षं दर महिन्याला मेढेकरांचे केस तांबूस होत राहिले. वहिनी म्हणायच्या, दुसऱ्या न्हाव्याकडे जा. "अगं, तो दुकानाच्या दारातच उभा असतो. मी पुढे गेलेला त्याला दिसेल," हे यांचं उत्तर. शेवटी तो न्हावी कायमचा गावी परत गेला आणि दोन महिन्यांत मेढेकरांचं डोकं पांढरंशुभ्र झालं. ऑफिसात लोक हळूच मला विचारायला लागले, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून.

गाडी चालवतानाही तेच. बाजूच्या रस्त्यावरून कुणी इंडिकेटर लावून आत यायला बघतोय असं दिसलं की मेढेकर ब्रेक दाबायचे. एकाला घेतलं की त्याच्या मागचाही आशेनं बघायचा. मग त्यालाही. "मेढेकरजी, यल्ला, पूरा अजमान अंदर आ गया," असं बिलाल मागून ओरडायचा. माझं तर डोकंच फिरायचं. मी तापट माणूस आहे. सिग्नल हिरवा झाल्यावर पुढचा दोन सेकंद थांबला तर माझ्या तोंडून जे निघतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मेढेकर मला पुष्कळदा म्हणायचे, "शिर्के, तुम्ही गाडी घेऊ नका. मी नेतो." हे ते माझ्या भल्यासाठी म्हणत की रस्त्यावरच्या बाकीच्यांच्या, हे मी कधी विचारलं नाही.

अमेरिकन फुटबॉलसुद्धा त्यांच्या आयुष्यात भिडेपोटीच आला. त्यांची पहिली नोकरी हमरिया फ्री झोनमध्ये, पाइपांच्या एका गोदामावर. तिथला मॅनेजर अमेरिकन. तो दुपारच्या सुट्टीत पोर्टाकॅबिनमध्ये रेकॉर्ड केलेले सामने बघायचा. एकट्यानं बघायला त्याला कंटाळा यायचा, म्हणून त्यानं मेढेकरांना बोलावलं. हेल्मेट घातलेली बावीस माणसं एकमेकांवर आदळतात आणि मग सगळे थांबतात, यापलीकडे मेढेकरांना काही कळत नव्हतं. पण तो "गुड, हां?" म्हणायचा आणि हे "व्हेरी गुड, सर" म्हणायचे. असे दोन सीझन गेले. मग एक दिवस त्यानं टीव्ही थांबवून विचारलं, इथं तू काय केलं असतंस? मेढेकर म्हणाले, "सेम, सर." त्यावर तो गोरा इतका खूश झाला की मेढेकरांना घाम फुटला. पुढच्या वेळी पकडले जाऊ, या भीतीनं त्यांनी नियमांचं पुस्तक मिळवलं आणि रोज बसमध्ये पेन्सिलीनं खुणा करत वाचून काढलं. आणि वाचता वाचता हा माणूस त्या खेळाच्या प्रेमात पडला.

मला तो खेळ त्यांनीच शिकवला. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, वाट्या आणि लिंबं मांडून. वाट्या म्हणजे माणसं, लिंबू म्हणजे चेंडू. "हे बघा शिर्के, दहा यार्ड पुढे सरकायचं. त्यासाठी चार प्रयत्न मिळतात. चारांत दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. नाही झाले तर चेंडू समोरच्यांचा. संपलं." मी म्हटलं, हा फुटबॉल कसला, सगळं हातानं तर करतात. ते हसून म्हणाले, "आमचा कोल्हापूरचा भाऊ पण हेच म्हणतो. त्याच्यापुढे या खेळाचं नाव काढायची सोय नाही." मग म्हणाले, "पण क्रिकेटमध्ये एक चूक झाली की बॅट काखेत मारून घरी जायचं. इथं चार वेळा संधी देतात. मला ते फार आवडतं."

पुढे आमच्या भागातल्या मुलांसाठी शनिवारची एक छोटी लीग सुरू झाली. शाळेतली पोरं, एक अमेरिकन कोच, भाड्याचं मैदान. मेढेकरांचा अथर्व आणि माझा मिहीर एकाच टीममध्ये. मिहीर क्वार्टरबॅक, म्हणजे मागे उभा राहून चेंडू घ्यायचा आणि एक तर फेकायचा नाहीतर पळणाऱ्याच्या पोटाशी द्यायचा. अथर्व तो पळणारा. वहिनींना हे काही पसंत नव्हतं. हेल्मेट सहाशे दिरहमचं आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे चौदा हजार रुपये डोक्यावर घालून भिंतीवर धडका मारायच्या. माझ्या माहेरी हे सांगूसुद्धा नका." पण दर शनिवारी डबा घेऊन त्या हजर. आणि मेढेकर स्वतः मैदानाच्या कडेला काठी धरून उभे. कितवा प्रयत्न चालू आहे त्याचा आकडा त्या काठीवर असतो आणि चेंडू असेल त्या रेषेत ती धरायची असते. काठीवाल्यानं कुणाची बाजू घ्यायची नसते, टाळ्यासुद्धा वाजवायच्या नसतात. हे काम मेढेकरांना मनापासून आवडायचं. एक्साइट न होण्याची परवानगी मिळालेला तिथला तो एकटाच बाप होता.

मी त्या मैदानावर कसा वागत होतो हे सांगायला आज लाज वाटते. सीझनच्या मध्यावर मिहीरनं एकदा चेंडू सरळ समोरच्या टीमच्या मुलाच्या हातात फेकला आणि आम्ही हरलो. पार्किंगमध्ये मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं. बारावीचं वर्ष आहे, अभ्यास सोडून इथं येतोस आणि हे दिवे लावतोस, पुन्हा अशी चूक झाली तर टीममधून नाव काढून टाकीन, खेळबिळ खलास. पोरगं हेल्मेट छातीशी धरून उभं. आजूबाजूच्या गाड्यांतून लोक बघत होते. तेवढ्यात मेढेकर दोघांच्या मध्ये आले. दोन्ही हातांत लबानच्या बाटल्या. "शिर्के, आधी हे ताक घ्या. फार ऊन आहे," असं म्हणून त्यांनी एक बाटली माझ्या हातात कोंबली आणि दुसरी मिहीरला दिली. मिहीर त्या दिवशी त्यांच्याच गाडीतून घरी आला. माझा राग तासाभरात उतरला आणि मी तो प्रसंग विसरूनही गेलो. मेढेकर विसरले नव्हते.

मग तो सामना आला. सीझनचा शेवटचा. आम्ही चार गुणांनी मागे, गोलरेषा ओलांडली की सहा मिळणार, घड्याळात काही सेकंद, चेंडू गोलरेषेपासून एका यार्डावर, चौथा प्रयत्न. एक यार्ड म्हणजे एक मोठं पाऊल. कोचनं मधून घुसायचा डाव सांगितला. मिहीरनं चेंडू घेतला, वळला, अथर्वच्या पोटाशी दिला, अथर्व घुसला आणि पुढच्या क्षणी चेंडू जमिनीवर होता. समोरच्या टीमचा एक दांडगा पोरगा त्यावर पालथा पडला. शिट्टी झाली आणि सामना संपला.

संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. समोरच्या बाजूच्या बाकांवरून कुणीतरी काढलेला. त्यात अथर्वची पाठ दिसते, तो वाकून घुसतो आणि त्याच्या अंगाखालून चेंडू घरंगळतो. बघणाऱ्याला एकच गोष्ट कळत होती, की पोराच्या हातातून सुटला.

पुढच्या शनिवारी मेढेकरांकडे सगळ्यांना जेवायला बोलावलेलं होतं. ते आधीच ठरलं होतं, जिंकल्यावर करायचं म्हणून. हरलो तरी रद्द करणं मेढेकरांच्या स्वभावात नव्हतं. तांबडा-पांढरा रस्सा होता. कुरियन, बिलाल, आम्ही तिघं आणि घरचे. जेवण अर्ध्यावर आलं आणि बिलालनं सुरुवात केली.

"अरे भाई, सामने दीवार खडी है. आप दीवार में सर मार रहे हो. साइड में फेंक देते, बच्चा खाली खडा था."

"वन यार्ड है, बिलाल. वन यार्ड," कुरियन म्हणाला. "एक यार्ड के लिए कोई फेंकता है क्या? गिर जाओ आगे, हो गया."

"गिर गया ना. बॉल गिर गया."

मेढेकरांनी सवयीनं रिकाम्या वाट्या ओढल्या आणि मांडायला घेतल्या. लिंबू मध्ये ठेवलं. मी म्हटलं, "डाव बरोबर होता. मधून जाणंच बरोबर. प्रश्न एवढाच आहे की हातातला चेंडू धरायला पाहिजे."

अथर्व पाण्याचा जग घेऊन उभा होता. सतरा वर्षांचं शांत पोर, बापासारखंच. तो म्हणाला, "अंकल, इट हिट माय एल्बो. तो हातात आलाच नव्हता."

 मिहीर भातात रस्सा कालवत होता, तो कालवतच राहिला. आम्ही सगळे मेढेकरांकडे बघायला लागलो, कारण चेंडूच्या रेषेत काठी घेऊन उभा असलेला माणूस तोच होता. त्यांच्याइतकं जवळून कुणीच पाहिलेलं नव्हतं.

मेढेकरांनी एक वाटी उगाच जराशी सरकवली. "चेंडू धरणं हे पळणाऱ्याचं काम असतं, अथर्व," ते म्हणाले. "दुसऱ्यावर ढकलू नये."

अथर्वनं जग टेबलावर ठेवला आणि तो आत गेला. त्याच्यामागोमाग वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. मला मात्र मेढेकरांचं फार कौतुक वाटलं. मी ते बोलूनही दाखवलं. "याला म्हणतात बाप," मी म्हटलं. "चारचौघांत स्वतःच्या पोराची बाजू घेतली नाही." त्यांनी मला आणखी रस्सा वाढला.

आपल्याकडे ही रीतच आहे. शेजारी तक्रार घेऊन आला की आधी आपल्या पोराच्या पाठीत धपाटा घालायचा, मग काय झालं ते विचारायचं. आपल्या मुलाची कड घेणं बरं दिसत नाही. माझ्या वडिलांनी हेच केलं, मेढेकरांच्या वडिलांनीही केलं असणार. आम्ही ती रीत पासपोर्टबरोबर इकडे घेऊन आलो आणि इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या पोरांवर चालवली. त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही की बाप असं बोलला तरी त्याच्या मनात तसं नसतं. आणि समजावलं असतं तरी त्यांनी ते का मान्य करावं, हेही मला आता कळत नाही.

अथर्वनं त्यानंतर हेल्मेट घातलं नाही. बारावी झाली आणि ऑगस्टमध्ये तो कॅनडाला शिकायला गेला. हळूहळू आमच्या लक्षात आलं की तो फोन करतो तो आईला. बाबांबद्दल विचारतो तेही आईलाच. दोन वर्षं सुट्टीत आला नाही. मेढेकर सांगायचे, तिकिटं महाग आहेत, त्याला पार्टटाइम काम लागलंय, तिकडे असंच असतं. आम्ही मान डोलवायचो आणि गाडीत वाद पुन्हा सुरू व्हायचा. कधी दुसऱ्याच कुठल्यातरी मोठ्या सामन्यात तसाच प्रसंग यायचा आणि बिलालला जोर चढायचा. मी मेढेकरांना डिवचायचो, "काय मेढेकर, काठीवाल्याचं मत काय?" ते आरशात बघत म्हणायचे, "ट्रॅफिक बघू द्या हो."

या हिवाळ्यात मेढेकर साठीला आले. कंपनीनं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. कोल्हापूरला भावाशेजारी फ्लॅट घेऊन ठेवलेला होता, तिकडे जायचं ठरलं. एका दुपारी वहिनींनी कुंड्या घेऊन जा म्हणून बोलावलं, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. मेढेकर काहीतरी कागदपत्रांसाठी बाहेर गेले होते. हॉलमध्ये खोकी. एका खोक्यातून अथर्वचं हेल्मेट डोकावत होतं. मला राहवलं नाही. नेहमीच्या सवयीनं मी म्हटलं, "हे न्या बरं का कोल्हापूरला. तेवढा एक चेंडू धरला असता पोरानं, तर कपाटात कपही असता."

वहिनी खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"भाऊजी, बसा," त्या म्हणाल्या.

त्यांनी आतून एक जुना फोन आणला, चार्जरला लावला आणि तो चालू होईपर्यंत माझ्यासमोर बसून राहिल्या. मग त्यांनी मला एक व्हिडिओ दाखवला. अकरा सेकंदांचा. त्यांनी स्वतः काढलेला, नवऱ्याच्या मागे उभं राहून. डावीकडे मेढेकरांची टोपी आणि काठी, आणि बरोबर समोर, आडव्या बाजूनं, सगळा डाव. मिहीर चेंडू घेतो. घाईनं वळतो. त्याचं लक्ष अथर्वकडे नाहीच, समोरून येणाऱ्या पोरांकडे आहे. त्याचा हात वर राहतो. चेंडू अथर्वच्या कोपरावर आपटतो आणि उडतो. अथर्वचे दोन्ही हात पोटाशी मिटतात ते रिकामेच. तो रिकाम्या हातांनी घुसतो. मेढेकरांची मान चेंडूबरोबर खाली वळलेली स्वच्छ दिसते.

मी तो तीनदा पाहिला. मग विचारलं, "हे ग्रुपवर का नाही टाकलं?"

"मी टाकणार होते. त्याच दिवशी गाडीत म्हटलं यांना. तर म्हणाले, नको. शिर्के पोराला फाडून खातील. त्याचं बारावीचं वर्ष आहे, खेळही बंद करतील. आपला अथर्व समजूतदार आहे." वहिनींचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "समजूतदार मुलांच्या वाटणीला हेच येतं, भाऊजी. शपथ घातली मला. आज मोडली."

"आणि अथर्वला?"

"त्याला नंतर सांगू म्हणाले. मग दिवस जात राहिले. तो कॅनडाला जायच्या आधी यांनी मला नवा फोन घेऊन दिला. जुन्यातलं सगळं नव्यात घालून दिलं ते अथर्वनंच. त्यात त्याला हे दिसलं. बाबांना म्हणाला, 'यू हॅड इट. द होल टाइम.' हे म्हणाले, अरे, तुला सांगणारच होतो. त्यानं विचारलं, कधी? त्यावर यांना काही सुचलं नाही. ते अजून सुचलेलं नाही."

कुंड्या मी तिथंच विसरलो. घरी गेलो तर मिहीर सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. आता तो इथल्याच कॉलेजात आहे. मी त्याला फक्त म्हटलं, मेढेकर वहिनींनी व्हिडिओ दाखवला. त्यानं लॅपटॉप मिटला.

"आय नो, डॅड. आय ऑल्वेज न्यू."

"मग बोलला का नाहीस?"

"यू सेड यू'ल टेक मी ऑफ द टीम. पार्किंग लॉटमध्ये. एव्हरीबडी वॉज लुकिंग." मग तो म्हणाला, "मी अथर्वला सांगितलं नंतर. सॉरी म्हटलं. ही सेड, इट्स नॉट अबाउट यू, ब्रो. इट वॉज नेव्हर अबाउट यू."

मला ओरडायलासुद्धा काही उरलं नव्हतं. माझ्या रागाला भिऊन एका घरात माझा मुलगा गप्प बसला आणि दुसऱ्या घरात माझा मित्र. आणि त्याची किंमत ज्यानं भरली, त्याला मी तीन वर्षं हसत होतो. हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्या दिवशी ते कळल्यावर मी बराच वेळ नुसता बाल्कनीत उभा होतो.

मेढेकरांचा कामाचा शेवटचा दिवस त्याच आठवड्यात होता. कुरियन आणि बिलालला मी बसनं जायला सांगितलं. संध्याकाळी जबल अलीच्या पार्किंगमध्ये मेढेकरांनी टेबलावरचं सामान डिकीत ठेवलं, एक छोटं कॅलेंडर आणि चहाचा मग, आणि गाडीत येऊन बसले. त्यांनी किल्ली फिरवायच्या आत मी बोलून टाकलं. व्हिडिओ पाहिला. माझ्यामुळे झालं. माफ करा.

मेढेकर इतके संकोचले की त्यांनी आधी सीटबेल्ट लावला, मग काढला. "अहो शिर्के, जाऊ द्या. हिनं उगाच... खलास झालं ते. तुमची काय चूक त्यात? मला तोंड होतं की."

"मग आता बोला त्याच्याशी."

"आता कामावर असेल तो."

"तिकडे सकाळचे दहा वाजतायत. त्याचं काम संध्याकाळचं असतं."

"मग झोपला असेल." ते स्टिअरिंगवरून बोट फिरवत राहिले. "खरं सांगू? त्याची भीड वाटते हो मला. स्वतःच्या मुलाची. आता मोठा झालाय. त्याला काय म्हणायचं, कुठून सुरू करायचं... पहिल्याच दिवशी दोन शब्दांचं काम होतं. आता ते किती शब्दांचं झालंय मला कळत नाही."

मी माझ्या फोनवरून अथर्वला लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. ते नको नको म्हणत होते, पण दिलेली वस्तू परत करणं त्यांना जमत नसे. गाडी बंद होती, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"हॅलो? अंकल?"

"अथर्व, मी बाबा बोलतोय."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "हं. बोला बाबा."

"जेवलास का?"

"इट्स टेन इन द मॉर्निंग, बाबा."

"हां, हां. मग नाश्ता?"

"झाला."

"थंडी आहे का रे?"

"मायनस सिक्स."

"टोपी घालतोस ना बाहेर पडताना?"

"यस." मग त्यानं विचारलं, "बाबा, सगळं ठीक आहे ना? डिड यू वॉन्ट टू टेल मी समथिंग?"

मी मेढेकरांच्या दंडाला हात लावला. बोला, म्हणून मान हलवली. त्यांनी तोंड उघडलं. समोर कंपनीच्या बसेस एकेक करून बाहेर पडत होत्या आणि ते त्यांच्याकडे बघत होते.

"नाही रे. काही नाही," ते म्हणाले. "शिर्केकाका होते इथं, म्हणून म्हटलं विचारावं."

"ओके."

पण त्यानं फोन ठेवला नाही. तो थांबलाय हे मलासुद्धा कळत होतं. त्याच्या मागे कुठंतरी नळ वाहत होता, तो त्यानं बंद केला आणि पुन्हा थांबला.

"बरं, ठेवतो," मेढेकर म्हणाले. "तुला उशीर होत असेल."

"नो, बाबा. आय'म नॉट लेट."

"नाही, तरी," असं म्हणून त्यांनी फोन बंद केला.

त्यांनी तो शर्टाच्या टोकानं पुसला आणि दोन्ही हातांनी मला परत दिला. वर "थँक यू" म्हणाले. त्यांनी गाडी सुरू केली. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"आवाज भारदस्त झालाय त्याचा, नाही?"

"हो," मी म्हटलं. "झालाय."